खाली बसलेलं घर

घरातल्या चादरी संपल्या, तरी आरसे संपेनात.

काचेच्या धंद्यातलं घर ते. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, आणि मधल्या जिन्याच्या भिंतीला गिऱ्हाइकांना दाखवायचे नमुन्याचे आरसे: गोल, चौकोनी, कडा घासलेले, कडा न घासलेले. बुधवारी धाकट्याला पुरून सगळे घरी आले तेव्हा आत्याने पहिला हुकूम सोडला तो आरशांचा. शोकाच्या घरात आरसा उघडा ठेवायचा नाही. माणसाने स्वतःचं तोंड बघत बसायचे हे दिवस नव्हेत. मग चादरी झाल्या, टेबलावरची कापडं झाली, शेवटी काचा गुंडाळायचं जाडंभरडं कापड कारखान्यातून वर आलं. तरी न्हाणीघराच्या दारामागचा एक आरसा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाच. शुक्रवारी सकाळी धाकट्याच्या बायकोला, धाकटीला, त्यात एक बाई दिसली. केस विस्कटलेले, सदरा उजव्या बाजूला छातीपर्यंत फाटलेला, पुरायच्या वेळी रिवाजाप्रमाणे फाडलेला. ही कोण आली, असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि मग तिने अंगावरचा टॉवेल त्या आरशावर टाकला.

तो असता तर पोट धरून हसला असता. "आपल्या घरात कोणी मरायचं म्हणजे आधी कापडाचं दुकान काढायला हवं," असलं काहीतरी बोलला असता आणि आईंचा ओरडा खाल्ला असता.

पण तो नव्हता. मंगळवारी कारखान्यात काचांचा घोडा त्याच्या अंगावर रिता झाला होता. घोडा म्हणजे मोठ्या काचा उभ्या, तिरक्या टेकवून ठेवायचा लोखंडी सांगाडा. मागची काच काढायची तर एकाने पुढच्या सगळ्या काचा अंगावर तोलून धरायच्या आणि दुसऱ्याने मागची ओढायची. दोघांचं काम. दोघे भाऊ ते लहानपणापासून करत आले होते. मंगळवारी मध्येच ऑफिसातला फोन वाजला, थोरला तो घ्यायला गेला, आणि धाकट्याने एकट्याने काचा तोलायला घेतल्या. एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरल्याने त्यापुढे कोणाला काही सांगितलं नव्हतं. तो पुरायच्या वेळी दूर फाटकापाशी उभा राहिला, घरी आला तो जिना न चढता कारखान्यातच थांबला, आणि अजून तिथेच होता.

वर मात्र घर खाली बसलं होतं. बाबा, आई आणि धाकटी, तिघांनी सात दिवस ठोकळ्यांवर बसायचं, खुर्चीला पाठ लावायची नाही, पायात चामडं घालायचं नाही, चूल बघायची नाही. जेवण शेजारचे आणत. भेटायला येणारे दार न वाजवता आत येत, खुर्चीवर बसत, आणि घरातलं माणूस आपणहून बोलेपर्यंत तोंड उघडत नसत. धाकटीला हे सगळं नवं होतं. तिच्या माहेरी यहुदीपण म्हणजे वर्षातून दोनदा चांगले कपडे घालून प्रार्थनाघरात जाणं. ती दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या करायची. दिवसभर मेण आणि साचे. माणसाच्या तोंडाचं माप घ्यायचं तिला कळे. न बोलता बसून राहिलेल्या माणसांचं काय करायचं, ते कळत नव्हतं. पहिल्या दिवशी तिला त्या गप्पपणाचा राग आला. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की कोणीच आपल्याला "धीर धर" म्हणालेलं नाही, आणि तिला बरं वाटलं.

उठून जाताना मात्र प्रत्येक जण एक वाक्य म्हणे. "जागा तुमचं सांत्वन करो, शोक करणाऱ्या सगळ्यांबरोबर."

"जागा म्हणजे काय, बाबा?" तिने गुरुवारी विचारलं होतं.

"देवाचंच नाव आहे ते," बाबा म्हणाले. "सगळं ज्याच्यात मावतं ती जागा."

"कारखानाही?"

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. "कारखानाही," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपार कलली तशी माणसं घाईघाईने येऊ लागली. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत प्रार्थना उरकून प्रत्येकाला आपापल्या घरी पोचायचं होतं. प्रार्थना चालवायला मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, अजूनही खिशात खडू सापडणारे. धाकटीचा भाऊ होता, वायरमन, कामावरून तसाच आलेला, पट्ट्याला पकड लटकलेली. शिंपी होता, त्याचे दोन जावई होते, पलीकडच्या गल्लीतले घड्याळजी होते, त्यांचे दोन मुलगे होते. मास्तरांनी ओठातल्या ओठात मोजलं, पुन्हा मोजलं.

"नऊच झालो."

"सुतार येणार होता ना?" बाबांनी विचारलं.

"त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलंय. बेकरीवाल्याला शुक्रवारी भट्टी सोडून येता येत नाही."

दहा पुरुष जमल्याशिवाय मेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. कद्दिश म्हणायची तर दहा हवेत. नऊ असले तर नऊ जणांनी आपापलं पुटपुटून घरी जायचं. धाकटीला हे या दोन दिवसांत पाठ झालं होतं.

"दहावा खाली आहे," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. घरात तिला सगळे मागे 'कोर्ट' म्हणत, कारण ती चहात साखर किती घालावी यावरही निकाल देई आणि त्यावर अपील नसे. "घरचाच आहे. भाड्याने आणायचा नाहीये."

"मी दोनदा जाऊन आलो," बाबा म्हणाले. "उठत नाही."

"मीही गेले होते. माझ्याकडे पाठ केली त्याने! माझ्याकडे!"

"नकोच येऊ दे त्याला," धाकटीचा भाऊ म्हणाला. तो हळूच म्हणाला, पण खोलीत एवढी शांतता होती की हळू बोलून काही उपयोग नव्हता. "त्याने कोणत्या तोंडाने म्हणायचं ते?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, थोरल्याची बायको. तीन दिवस तीच सगळ्यांना वाढत होती, भांडी घासत होती, आणि मधूनच सूपाचा डबा घेऊन खाली जाऊन तो भरलेलाच परत आणत होती. तिने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"कोणत्या तोंडाने म्हणजे? त्याचा भाऊ गेलाय."

"कोणामुळे गेला?"

"घाई कोणाला असायची ते या घरात सगळ्यांना माहीत आहे," वहिनी म्हणाली. "दोघांचं काम एकट्याने कोण करायला गेलं? मला बोलायला लावू नका."

धाकटीला कोणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. तो जेवतानाही उभा राहून जेवायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा "आटपा" म्हणाला होता. आणि खरं होतं म्हणूनच वहिनीने ते बोलायला नको होतं.

"पुरे," आत्याने काठी आपटली. "गेलेला काही जबाब द्यायला येणार नाहीये. त्याच्यावर खटला चालवायचा नाही."

कोर्टाने प्रथमच एक खटला दाखल करून घेतला नव्हता. घड्याळजींनीसुद्धा मान वर करून पाहिलं.

मंगळवारपासून आईंनी थोरल्याचं नावही घेतलं नव्हतं. कोणी त्याचा विषय काढला की अंगावरच्या फाडलेल्या कपड्याचे सुटलेले धागे त्या बोटाने आत सारत. आताही तेच करत होत्या.

मास्तर खिडकीशी गेले. "ऊन गच्चीवर पोचलं. फार वेळ थांबता येणार नाही."

"नऊ तर नऊ," बाबा म्हणाले. "आज कद्दिश राहील."

ते पुस्तकाचं पान उलटू लागले. पान त्यांच्या बोटाला येईना.

"एक वेळ राहिली तर काय होतं, बाबा?" धाकटीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"काही होत नाही. आकाश कोसळत नाही. आज त्याच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही, एवढंच."

धाकटी उठली. ठोकळ्यावर बसून बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. तिने भिंतीचा आधार घेतला.

"तू कुठे निघालीस?" भाऊ म्हणाला.

"खाली."

"ताई, वेडी झालीस का?"

"शोकातल्या माणसाने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं," आत्या म्हणाली.

"जिना घरातच आहे, अक्का," बाबा म्हणाले.

आत्याने यावर विचार केला. "जिना घरात आहे," तिने निकाल दिला.

*

कारखान्यात दिवा लावलेला नव्हता. रस्त्याकडच्या मळक्या काचांतून येईल तेवढाच उजेड. जमीन स्वच्छ होती, इतकी की कापायच्या टेबलाखाली, जिथे वर्षानुवर्षं काचेचा भुगा साठायचा, तिथेही फरशी चमकत होती. झाडू थोरल्याच्या मांडीवर आडवा होता. तो उलट्या खोक्यावर बसला होता, घोड्याकडे तोंड करून. घोडा रिकामा होता.

तिच्या रबरी चपलांचा आवाज ऐकून तो म्हणाला, "डबा परत ने. भूक नाही."

"डबा नाही आणला मी."

तो झटक्यात उभा राहिला. झाडू पडला. त्याचा शर्ट मंगळवारचाच होता, पण अखंड होता. कुठे टाकाभरही उसवलेला नव्हता. फाटकापाशी उभा राहिल्यामुळे तो फाडायलाच कोणी त्याच्याजवळ गेलं नव्हतं.

"अगं, तू कशाला आलीस इथे? इथे येऊ नकोस."

"वर नऊ जण आहेत."

"माहीत आहे. पावलं मोजली मी." त्याने नजर वळवली. "रोज मोजतो. काल अकरा होते, तेव्हा बरं वाटलं."

धाकटी पुढे आली. इथे यायची भीती तिला बुधवारपासून वाटत होती, आणि आता आल्यावर तिला समोर नुसती एक खोली दिसत होती. थंड, नीटनेटकी खोली. ती कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, मला सांगा काय झालं ते."

"सगळ्यांना माहीत आहे काय झालं."

"मला माहीत नाही. मी त्याची बायको आहे. मला सांगा."

तो परत खोक्यावर बसला. वर कोणाची तरी खुर्ची सरकली. तिला वाटलं, तो बोलणारच नाही, आणि तिने ठरवलं की वरच्या लोकांसारखं गप्प उभं राहायचं. ती उभी राहिली.

"टेबलाची काच हवी होती कोणाला तरी," थोरला शेवटी म्हणाला. "फोनवर. विचारत होता, कडा घासून मिळतील का. मी म्हटलं, मिळतील. म्हटलं, गोल करायच्या की सरळ? तेवढ्यात मागे आवाज झाला. मी फोन खालीसुद्धा ठेवला नाही, तसाच लटकत राहिला असेल. तो माणूस कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत होता."

"तो काही बोलला का?"

"नाही. बोलायला वेळच नव्हता. खरं सांगतो. त्याला कळलंही नसेल."

तिने डोळे मिटले, उघडले. तीन दिवस ती हाच प्रश्न छातीशी धरून बसली होती, आणि विचारायला एकच माणूस होता.

"पण माझं ते नाहीच," तो म्हणाला. "माझं वेगळंच आहे. फोन घ्यायला जाताना मी म्हणतो, 'हात लावू नकोस, आलो.' नेहमी म्हणतो. तो चिडायचा, मी काय लहान आहे का म्हणायचा. पण मंगळवारी म्हटलं की नाही... आठवत नाही मला. म्हटलं असेन तर त्याने ऐकलं नाही. म्हटलं नसेन तर..." त्याने हात उघडले. त्या हातांवर जुन्या काचांचे बारीक पांढरे व्रण होते. "इथे बसून मी तोच क्षण पुन्हा पुन्हा काढतो. कधी म्हटल्यासारखं वाटतं, कधी नाही. आणि वर येऊन मी काय म्हणू? त्या कद्दिशमध्ये त्याचं नावही नाही. मरणाचा शब्द नाही. नुसती देवाची स्तुती. मोठा आहे, पवित्र आहे. मी म्हणू ते? इथून उठून?"

धाकटीला त्याचा राग यायला हवा होता. तो होता कुठेतरी, गेला नव्हता. पण समोरच्या माणसाचा जबडा बघताना तिच्या सवयीच्या नजरेला एक गोष्ट दिसली: तो तीन दिवस दात आवळून बसला होता. कानाखालचे स्नायू दगडासारखे झाले होते. असे जबडे घेऊन आलेल्या माणसांसाठी ती रात्री दातांत घालायची पट्टी करून देई.

"मी तुम्हाला माफ करायला आलेली नाही," ती म्हणाली. "मला अजून कळतच नाहीये, माफ करायचं काय आणि कोणाला. तुमच्यावर रागवायचं ठरवते आणि त्याचाच राग येतो मला. मग त्याची आठवण येते, आणि मी ओशाळते."

थोरला ऐकत होता.

"मला दहावा माणूस हवाय. एवढंच. तुम्ही मोठा आहे पवित्र आहे म्हणा, मनात विश्वास नसला तरी म्हणा. मला तरी कुठे आहे? पण ते एकट्याला म्हणताच येत नाही, भाऊजी. ज्याने कोणी हे लावून दिलं त्याने एवढं बरं केलंय. तुम्ही म्हणणार आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला आमेन म्हणायचं. तुम्ही इथे एकटे बसलात. मी वर माणसांत बसले, तरी एकटीच होते, कारण इथे काय घडलं ते ज्याला माहीत आहे तो माणूस खाली होता."

"आई माझ्याकडे बघणार नाही."

"नाही बघणार कदाचित."

"तुझा भाऊ?"

"तो तर नाहीच."

थोरल्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला, आणि तो आवाज मध्येच फुटला. त्याने तोंड हातांत लपवलं. धाकटीने त्याला हात लावला नाही. पडलेला झाडू उचलून तिने भिंतीला टेकवून ठेवला आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने मागून पावलं आली.

*

खोलीत कोणी काही बोललं नाही. शोकातल्या माणसाशी आधी बोलायचं नसतं, हे या वेळी सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. थोरला दाराशी उभा राहिला. वहिनी स्वयंपाकघरात वळली आणि तिने नळ जोरात सोडला.

बाबा ठोकळ्यावरून उठले, हळूहळू, गुडघ्यावर हात देत. त्यांनी खिशातून कापडी पट्ट्या कापायची छोटी सुरी काढली आणि मुलासमोर जाऊन उभे राहिले. बाप-लेक सारख्याच उंचीचे होते. आज बाप बुटका वाटत होता.

"बाबा, मला ते म्हणता येणार नाही," थोरला म्हणाला. "कपडा फाडताना म्हणायचं ते. देव खरा न्यायाधीश वगैरे."

"मी म्हणतो. तू माझ्यामागे म्हण. नाही जमलं तर ओठ हलव."

बाबांनी शर्टाच्या उजव्या बाजूला कॉलरखाली एक काप घेतला, बोटाच्या पेराएवढा. "पुढचं तू फाड. ते दुसऱ्याने करायचं नसतं."

थोरल्याने दोन्ही हातांनी कापड धरलं. जाड कापड होतं, कामाचं. पहिल्यांदा फाटेना. मग फाटलं, आणि त्याचा आवाज घरभर गेला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मास्तरांनी प्रार्थना सुरू केली. कद्दिशची वेळ आली तेव्हा बाबा आणि थोरला शेजारी शेजारी उभे राहिले. बाबांचा आवाज दोन दिवसांत बसला होता. पहिल्या ओळीनंतर तो ऐकूच येईनासा झाला. थोरला नुसते ओठ हलवत होता. क्षणभर खोलीत कोणाचाच आवाज नव्हता. मग थोरल्याने घसा खाकरला आणि पुढची ओळ मोठ्याने म्हटली. मास्तर म्हणाले, आमेन. शिंपी, जावई, घड्याळजी म्हणाले, आमेन. तिच्या भावाचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिसऱ्या आमेनला ते उघडले.

धाकटी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. शब्द तिला कळत नव्हते. एक मोठा, भसाडा, न सजवलेला आवाज तिला ऐकू येत होता, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो पडू लागला की बाकीचे आवाज त्याच्याखाली हात घालत होते.

निघताना भाऊ तिच्यापाशी थांबला. "मंगळवारी बसणं संपलं की गाडी घेऊन येतो. आईने तुझी खोली आवरून ठेवली आहे."

"मंगळवारचं मंगळवारी बघू," ती म्हणाली. "तू रविवारी ये. दुपारी. माणसं कमी पडतात."

तो खांद्यावरची पिशवी सारखी करून म्हणाला, "जागा तुमचं सांत्वन करो." आणि जाता जाता, अर्ध्या जिन्यात वळून, थोरल्याकडे न बघता, पण त्यालाही ऐकू जाईल असं तेच पुन्हा म्हणाला.

सगळे गेल्यावर आत्याने घाई सुरू केली. शब्बाथ दारात आला होता. शब्बाथला शोक बाहेर दाखवायचा नसतो. फाटके कपडे काढायचे, धडके घालायचे, तोंड धुवायचं, वर बसायचं. धाकटीला ते विचित्र वाटलं. दुःख काय छत्री आहे, दाराशी ठेवायला? पण तिने सदरा बदलला. वहिनीने टेबलावरचं कापड आरशावरून काढून परत टेबलावर घातलं आणि त्या आरशाला स्वतःची शाल बांधली. दोघी समोरासमोर आल्या.

"मी मघाशी बोलले ते..." वहिनी म्हणाली.

"खरं होतं ते."

"म्हणून काय झालं?" वहिनी म्हणाली, आणि तिने धाकटीच्या सदऱ्याचं चुकीचं लागलेलं बटण काढून नीट लावलं.

आईंनी मेणबत्त्या लावल्या, हातांनी डोळे झाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाकून ठेवले. हात खाली आले तेव्हा चेहरा ओला होता. तो त्यांनी पुसला नाही. सगळे टेबलाभोवती आले. थोरला धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याने खुर्चीकडे बघितलं, मग भिंतीशी गेला आणि रिकाम्या ठोकळ्यावर बसू लागला.

"खाली नाही," आई म्हणाल्या.

मंगळवारपासून त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या. आवाज कोरडा होता.

"शब्बाथ आहे. आज खाली बसायचं नसतं. खुर्चीवर बस."

तो बसला. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते मांडीवर ठेवले, शाळेतल्यासारखे.

"आणि उद्या, आई? अंधार पडल्यावर?"

"उद्या अंधार पडला की परत खाली," आई म्हणाल्या. "सगळ्यांनी. तुझा ठोकळा माझ्या शेजारी घे, तिथे दारातून वारा येत नाही."

बाबांनी पाव मोडला, मिठाला लावला आणि एकेक तुकडा पुढे सरकवला. थोरल्याने आपला तुकडा बराच वेळ हातात धरला. मग तो खाऊ लागला. त्याचा जबडा हळूहळू, अवघडत हलत होता. धाकटीने ते पाहिलं, आणि स्वतःचाही तुकडा तोंडात घातला.